मूल होत नाही? तपासणी दोघांची हवी : पुरुष वंध्यत्वाची जनुकीय कारणे, चाचण्या आणि तुमचे हक्क

थोडक्यात
• मूल न होण्याचे कारण सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये काही अंशी किंवा पूर्णपणे पुरुषाकडे असते.
• पहिली तपासणी म्हणजे वीर्य तपासणी. ती साधी आहे आणि तिला शस्त्रक्रिया किंवा भूल लागत नाही.
• वीर्यात शुक्राणू नसतील किंवा फारच कमी असतील, तर रक्ताची जनुकीय तपासणी करून घ्यावी. ती टेस्ट ट्यूब बेबीसारख्या महागड्या उपचाराच्या आधी करायची असते.
• आयुष्मान कार्डावर वंध्यत्वाचे उपचार सहसा बसत नाहीत. म्हणून पैसे कुठे खर्च करायचे आणि कुठे नाही, हे आधी समजून घेणे गरजेचे आहे.

हे पान कोणासाठी आहे?
लग्नाला वर्ष-दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरात पहिला प्रश्न सुनेला विचारला जातो. तिची सोनोग्राफी होते, तिच्या रक्ताच्या तपासण्या होतात, तिच्याकडून नवस बोलून घेतले जातात. नवऱ्याची तपासणी मात्र चार-पाच वर्षे कोणी काढतही नाही. तोपर्यंत पैसे संपलेले असतात आणि बाईचे वय वाढलेले असते. तिच्या वयाचा उपचाराच्या यशाशी थेट संबंध असल्याने वाया गेलेली ही वर्षे परत मिळत नाहीत.

नोकरी-मजुरीसाठी दिल्लीत आलेल्या, द्वारका, पालम, बिंदापूर, ककरोला या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून हे पान तयार केले आहे. गावाकडे मुंबई किंवा गोव्यात उपचार घेऊ इच्छिणाऱ्यांसाठीही खाली माहिती आहे.

आधी शब्द समजून घ्या
मराठीत ‘वांझ’ हा शब्द बाईला लावतात, झाडाला लावतात, गाईला लावतात. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात तसा शब्दच नाही. त्यामुळे पुरुषात दोष असू शकतो, हे बोलायलाही जड जाते. मग ‘नपुंसक’ हा शब्द वापरला जातो आणि तिथेच गोंधळ होतो.

नपुंसकत्व म्हणजे शरीरसंबंध ठेवता न येणे. वंध्यत्व म्हणजे संबंध व्यवस्थित असूनही गर्भधारणा न होणे. ही दोन वेगळी दुखणी आहेत. ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही, अशा पुरुषाचे वैवाहिक आयुष्य पूर्णपणे सामान्य असू शकते. वीर्यही दिसायला नेहमीसारखेच असते, कारण त्यातला शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो. म्हणून शुक्राणू आहेत की नाहीत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही, स्वतः त्या पुरुषालाही नाही.

दिल्लीतील रुग्णालयांत कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीत असतात. हिंदीत ‘बांझपन’ किंवा ‘निःसंतानता’ लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ वंध्यत्व. ‘वीर्य जांच’ म्हणजे वीर्य तपासणी. अहवालात ‘अझोस्पर्मिया’ हा शब्द आला, तर वीर्यात शुक्राणू सापडले नाहीत असा त्याचा अर्थ. ‘ऑलिगोस्पर्मिया’ म्हणजे शुक्राणू कमी आहेत.

डॉक्टरकडे कधी जावे?
गर्भनिरोधक न वापरता एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून तपासणी करावी. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांनीच जावे. पुरुषाला लहानपणी अंडकोष खाली न उतरण्याचा त्रास होता, वयात येताना गालगुंडाने अंडकोष सुजले होते, किंवा दाढी-मिशी फारच उशिरा आली, तर वर्षभर थांबू नये.

पहिली पायरी : वीर्य तपासणी
• नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन टाळावे.
• नमुना प्रयोगशाळेतच देणे उत्तम. घरी घेतल्यास तो शरीराच्या उबेत ठेवून एका तासाच्या आत पोहोचवावा.
• साधा निरोध, तेल किंवा साबण वापरू नये. नमुन्याचा काही भाग सांडला, तर तसे सांगावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार वीर्याचे प्रमाण किमान १.४ मिलिलिटर आणि शुक्राणूंची संख्या एका मिलिलिटरमध्ये किमान १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा मानतात. संख्या यापेक्षा थोडी कमी असली, तरी मूल होऊ शकते.

एकाच अहवालावर घाबरू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्या काळात जोराचा ताप आला असेल, तरी संख्या घसरते. म्हणून अहवाल बिघडलेला आला, तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात.

दुसरी पायरी : रक्तातले कारण
सगळे वंध्यत्व जनुकीय नसते. अंडकोषाच्या शिरा फुगणे, जंतुसंसर्ग, तंबाखू, दारू, भट्टीजवळचे काम, व्यायामशाळेत घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने ही कारणेही असतात आणि त्यांतली बरीच सुधारता येतात. मात्र शुक्राणू अजिबात नसतील किंवा एका मिलिलिटरमध्ये ५० लाखांपेक्षा कमी असतील, तर जनुकीय तपासणीचा सल्ला दिला जातो.

आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. गुणसूत्र म्हणजे शरीर कसे घडवायचे याच्या सूचनांची जणू पोथी. त्यांपैकी दोन गुणसूत्रांवर लिंग ठरते : बाईत दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. या पोथीत एखादे पान जास्त, एखादे कमी किंवा एखादे चुकीच्या जागी असेल, तर माणूस धडधाकट असूनही शुक्राणू तयार होण्यात किंवा बाहेर येण्यात अडचण येते. मुख्य प्रकार पाच आहेत.

१. एक्स गुणसूत्र जास्त असणे. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. अमेरिकन डॉक्टर हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये ही लक्षणे नोंदवली. त्यामागे जादा एक्स गुणसूत्र आहे, हे १९५९ मध्ये कळले. साधारण ५०० ते १००० मुलग्यांमागे एकात हे आढळते. उंची जास्त, अंडकोष लहान आणि घट्ट, दाढी विरळ, कधी छाती थोडी वाढलेली, अशी लक्षणे असतात. अनेकांत तर मूल होत नाही म्हणून तपासणी करेपर्यंत काहीच लक्षात येत नाही. हे आई-वडिलांच्या चुकीमुळे होत नाही. बीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी बिघडते, एवढेच. या पुरुषांत संप्रेरक कमी पडून हाडे ठिसूळ होण्याचा आणि मधुमेहाचा धोका वाढतो. त्यामुळे मूल हवे असो वा नसो, उपचार हवाच.

२. वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असणे. शुक्राणू तयार करण्याच्या सूचना वाय गुणसूत्राच्या ज्या भागात असतात, त्याला एझेडएफ म्हणतात. त्याचे ए, बी आणि सी असे तीन विभाग आहेत. सी विभाग गळालेला असणे सर्वांत जास्त आढळते.

३. शुक्राणूंची नळी जन्मतःच नसणे. इथे अंडकोषात शुक्राणू तयार होतात, पण त्यांना बाहेर यायला वाट नसते. वीर्याचे प्रमाणही कमी असते. अनुभवी डॉक्टरला हाताने तपासूनच नळी नसल्याचे कळते. यामागे बहुतेक वेळा सीएफटीआर नावाच्या जनुकातला दोष असतो.

४. गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल. एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला असतो. माणसाला स्वतःला काहीच त्रास नसतो. पण काही शुक्राणूंमध्ये सूचना कमी-जास्त जातात. त्यामुळे दिवस राहत नाहीत किंवा राहिले तरी पुन्हा पुन्हा गर्भपात होतो. म्हणूनच वारंवार गर्भपात होत असतील, तर पत्नीबरोबर पतीच्याही गुणसूत्रांची तपासणी करतात.

५. मेंदूकडून संप्रेरकाचा निरोप न येणे. यातला एक प्रकार म्हणजे कालमन सिंड्रोम. मुलगा वयात येत नाही आणि त्याला वासही येत नाही किंवा फार कमी येतो. हा प्रकार लवकर ओळखायला हवा, कारण काही महिने ते दोन वर्षे संप्रेरकांची इंजेक्शने घेतल्यावर यात अनेकांच्या शरीरात शुक्राणू तयार होऊ लागतात.

कोणत्या चाचण्या सांगितल्या जातात?
• संप्रेरकांची तपासणी : एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन.
• कॅरिओटाइप : गुणसूत्रांची संख्या आणि रचना. यासाठी रक्तातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, त्यामुळे अहवाल त्याच दिवशी मिळत नाही.
• वाय मायक्रोडिलिशन : वाय गुणसूत्राचा कोणता विभाग गळाला आहे, ते कळते.
• सीएफटीआर : फक्त नळी नसल्याची शंका असेल तर.

पतीच्या गुणसूत्रांची तपासणी म्हणजे गर्भलिंग तपासणी नव्हे. ती पूर्णपणे कायदेशीर आहे. त्यासाठी हाताच्या शिरेतून थोडे रक्त घेतात.

अहवालामुळे निर्णय कसा बदलतो?
जनुकीय दोष गोळ्यांनी जात नाही, मग तपासणी कशाला, असा प्रश्न अनेक जण विचारतात. पुढे काय करायचे आणि काय नाही, हे या अहवालावरून ठरते, हे त्याचे उत्तर.

समजा, दोन पुरुष आहेत. दोघांच्याही वीर्यात शुक्राणू नाहीत. दोघांनाही अंडकोषातून शुक्राणू काढण्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर इक्सी सुचवली आहे. इक्सी म्हणजे प्रयोगशाळेत एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडणे. या पद्धतीने पहिले मूल १९९२ मध्ये जन्मले. त्याआधी फार कमी शुक्राणू असलेल्या पुरुषांना स्वतःचे मूल होण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता.

पहिल्या पुरुषाच्या अहवालात वायचा ए विभाग पूर्ण गळालेला आहे. अशा पुरुषाच्या अंडकोषात शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते. बी विभाग पूर्ण गळालेला असेल, तरी तसेच. त्याने शस्त्रक्रिया केली, तर पैसे जातील, वेदना होतील आणि हाती काही लागणार नाही. दुसऱ्या पुरुषात फक्त सी विभाग गळालेला आहे. अशांपैकी जवळपास निम्म्यांत शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळू शकतात. क्लाइनफेल्टरमध्येही सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने केलेल्या शस्त्रक्रियेत सुमारे ४० ते ५० टक्के पुरुषांत शुक्राणू सापडल्याचे दिसले आहे. नळी नसलेल्यांत तर ते बहुतेक वेळा मिळतातच.

वीर्याचा अहवाल दोघांचा सारखाच होता. फरक रक्ताच्या अहवालाने दाखवला. त्यासाठी दागिने गहाण टाकण्याआधी, गावची जमीन विकण्याआधी हा कागद हातात असला पाहिजे.

हा दोष मुलाकडे जाईल का?
• वायचा तुकडा गळालेला असेल, तर इक्सीने झालेल्या प्रत्येक मुलग्याला तेच वाय गुणसूत्र मिळेल. मोठेपणी त्यालाही हीच अडचण येऊ शकते. मुलीला वडिलांचे वाय मिळत नाही.
• क्लाइनफेल्टर असलेल्या वडिलांच्या बहुतेक मुलांत गुणसूत्रांची संख्या सामान्य आढळली आहे. तरीही समुपदेशन घ्यावे.
• सीएफटीआरचा दोष असेल, तर उपचाराआधी पत्नीचीही तपासणी आवश्यक आहे. दोघांकडून दोष आला, तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसे आणि पचनाचा गंभीर आजार होऊ शकतो.
• मामेबहीण-आतेभाऊ अशा नात्यातले लग्न असेल, तर डॉक्टरांना तसे सांगा. नात्यात लग्न झाल्यास दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते.

हे सगळे समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाला जनुकीय समुपदेशक म्हणतात. अहवाल घेऊन दोघांनीही त्यांच्याकडे बसावे.

कुठे जावे?
द्वारका आणि परिसर : सेक्टर ९ मधील इंदिरा गांधी रुग्णालय हे दिल्ली सरकारचे रुग्णालय आहे. हरिनगरचे दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयही जवळ आहे. पतीने शल्यचिकित्सा किंवा मूत्ररोग विभागाच्या आणि पत्नीने स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत कार्ड काढावे. वीर्य तपासणी तिथे होते का आणि कोणत्या दिवशी, हे खिडकीवरच विचारून घ्यावे.

जनुकीय तपासणीसाठी : पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली, तर एम्समध्ये जाता येते. एम्सच्या शरीररचनाशास्त्र विभागातील प्रयोगशाळेने पुरुष वंध्यत्वाच्या जनुकीय कारणांवर अनेक वर्षे काम केले आहे. द्वारकेहून मेट्रोच्या ब्लू लाइनने जनकपुरी वेस्ट, तिथून मजेंटा लाइनने हौज खास आणि मग यलो लाइनने एम्स स्थानक. ओपीडीची वेळ ऑनलाइन आधी घेतल्यास पहाटेची रांग वाचते.

महाराष्ट्र आणि गोवा : मुंबईत परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था असून तिथेही या विषयावर संशोधन होते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, ते याच संस्थेच्या सहकार्याने. एक महापालिकेचे रुग्णालय आणि एक सरकारी संस्था, दोन्ही सामान्य माणसाला खुली. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली. पात्रतेच्या अटी जाण्याआधी विचाराव्यात.

कोणत्या योजनेत काय बसते?
आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना ही रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दिल्लीत ती एप्रिल २०२५ पासून राबवली जाऊ लागली. केंद्राचे ५ लाख आणि दिल्ली सरकारचे आणखी ५ लाख, असे पात्र कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र फक्त ओपीडीत होणाऱ्या तपासण्या यात येत नाहीत. वंध्यत्वाचे उपचारही पॅकेजच्या यादीत स्पष्ट नाव असल्याशिवाय मिळत नाहीत. अंडकोषाच्या शिरांसारखी एखादी शस्त्रक्रिया सांगितली असेल, तर ती यादीत आहे का, हे रुग्णालयातील आरोग्य मित्राला विचारा. मदत क्रमांक : १४५५५.

महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावर मिळते.

‘आयुष्मान कार्डावर टेस्ट ट्यूब बेबी करून देतो’ असे सांगून कोणी आगाऊ पैसे मागितले, तर ते देऊ नका. आधी १४५५५ वर खात्री करा.

कायद्याने मिळालेले हक्क
सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ नुसार :
• आयव्हीएफ किंवा इक्सी करणारे प्रत्येक क्लिनिक नोंदणीकृत असले पाहिजे. नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागा.
• यशाची शक्यता, खर्च, धोके आणि दुष्परिणाम समजावून सांगणे क्लिनिकला बंधनकारक आहे. दोघांची लेखी संमती लागते.
• प्रत्येक क्लिनिकमध्ये तक्रार निवारण कक्ष हवा.
• पत्नीचे वय २१ पेक्षा जास्त व ५० पेक्षा कमी, पतीचे २१ पेक्षा जास्त व ५५ पेक्षा कमी असावे.
• दात्याचे शुक्राणू वापरल्यास जन्मलेले मूल कायद्याने त्या जोडप्याचेच असते. दात्याचा त्यावर हक्क नसतो.
• भ्रूणाची जनुकीय तपासणी फक्त आनुवंशिक आजार टाळण्यासाठी करता येते. मुलगा की मुलगी हे निवडणे गुन्हा आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ मध्ये मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून बाईला टोमणे मारणे, अपमान करणे हा शाब्दिक आणि भावनिक छळ मानला आहे. त्यासाठी मारहाण झालेलीच असली पाहिजे असे नाही. मदतीसाठी महिला हेल्पलाइन : १८१.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

‘गुप्तरोग’ म्हणून भिंतीवर जाहिरात करणाऱ्यांचे औषध चालेल का?
नाही. गळालेला वायचा तुकडा कोणत्याही चूर्णाने किंवा भस्माने परत येत नाही. ताकदीची म्हणून दिलेल्या औषधात टेस्टोस्टेरॉन असेल, तर आहेत ते शुक्राणूही कमी होतात.

माझ्या वडिलांना चार मुले झाली. मग माझ्यात जनुकीय दोष कसा?
यातले बरेच दोष वडिलांकडून येत नाहीत. बीज तयार होताना ते नव्याने घडतात. त्यात वडिलांचा, आईचा किंवा तुमचा दोष नसतो.

अहवाल घरच्यांना कळेल का?
तुमचा वैद्यकीय अहवाल गोपनीय असतो. कोणाला सांगायचे, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे.

स्वतःचे मूल होणे शक्य नाही असे कळले, तर?
नोंदणीकृत बँकेतील दात्याचे शुक्राणू वापरता येतात किंवा मूल दत्तक घेता येते. दत्तकासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या केअरिंग्स संकेतस्थळावरच नोंदणी करावी. जोडप्याचे वैवाहिक आयुष्य किमान दोन वर्षे स्थिर असावे लागते. परस्पर कोणाकडूनही मूल घेऊ नये, तो गुन्हा ठरतो. मूल नकोच असे ठरवून दोघांनी सुखाने राहणे, हाही निर्णयच आहे.

जाताना सोबत काय न्यावे?
दोघांची ओळखपत्रे, आयुष्मान किंवा आभा कार्ड असल्यास ते, आधीचे सगळे अहवाल तारखेप्रमाणे लावून, घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि घराण्यात कोणाला मूल नाही किंवा वारंवार गर्भपात झाले असल्यास त्याची नोंद. पत्नीचे अहवाल असतील, तर तेही न्यावेत. पण पतीची वीर्य तपासणी झालेली नसेल, तर पत्नीच्या पुढच्या कोणत्याही शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी ती करून घ्यावी.

सूचना : हे पान माहितीसाठी आहे. उपचाराचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. योजनांचे नियम बदलू शकतात, म्हणून अर्ज करण्याआधी वरील मदत क्रमांकांवर खात्री करून घ्यावी.